वडिलांसाठी ख्रिस्ती कोचिंग परवडणारे कसे करावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांशी असलेले नाते सुधारावे म्हणून कोचची मदत घ्यावीशी वाटणारे वडील, अशी मदत आपल्या मंडळीत उपलब्ध करून देऊ पाहणारे पाळक, आणि किती फी घ्यावी या पेचात पडलेले ख्रिस्ती कोच, अशा तिघांकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मंडळीत ‘वडील’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, त्यामुळे एक खुलासा आधीच करतो: या पानावर ‘वडील’ म्हणजे मुलांचे बाप, मंडळीचा कारभार पाहणारे पुढारी नव्हेत.

ख्रिस्ती कोचिंग म्हणजे नेमके काय?

कोचिंग म्हटले की अनेकांना परीक्षेची शिकवणी आठवते. येथे तो अर्थ नाही. कोच शिकवत नाही, उपदेश करत नाही आणि निदानही करत नाही. समोरच्या माणसाला काय बदलायचे आहे हे त्याच्याच तोंडून स्पष्ट व्हावे, त्याने स्वतः एक छोटे पाऊल ठरवावे आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब द्यावा, एवढ्यासाठी कोच प्रश्न विचारतो आणि ऐकतो. कोचिंगमध्ये बहुधा पुढच्या वाटचालीचा विचार होतो, तर समुपदेशनात मागच्या जखमांकडेही पाहावे लागते.

हेच काम पवित्र शास्त्राच्या प्रकाशात आणि प्रार्थनेच्या सोबतीने केले, की त्याला ख्रिस्ती कोचिंग म्हणता येते. वडिलांच्या बाबतीत त्याची दिशा इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायातील ४ थ्या वचनात मिळते. मुलांना चिरडीस आणू नका आणि प्रभूच्या शिस्तीत त्यांना वाढवा, या दोन गोष्टी तेथे एकाच वाक्यात सांगितल्या आहेत. बहुतेक वडिलांना यांपैकी एक जमते आणि दुसरी निसटते, आणि कोचिंगची सुरुवात सहसा तेथूनच होते.

पाळक विनामूल्य भेटतात. मग कोचला फी का द्यायची?

पाळकांची भेट पुरेशी असेल तर फी देऊ नये, हे सरळ उत्तर आहे. पुष्कळ वडिलांना पाळकांशी दोन-तीन वेळा मोकळेपणाने बोलल्यावर वाट सापडते. कोचची गरज पडते ती तीन-चार महिने सातत्याने, ठरलेल्या वेळी, एकाच विषयावर कोणीतरी सोबत असावे असे वाटते तेव्हा. एका पाळकाला संपूर्ण मंडळी सांभाळायची असते आणि प्रत्येक वडिलांसाठी दर पंधरवड्याला एक तास काढणे त्याला शक्य नसते. शिवाय, ज्यांच्यासमोर दर रविवारी बसायचे त्यांच्यापाशी घरातले सगळे उघड करायला काही जणांना संकोच वाटतो. तो संकोच चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

‘फुकट मिळाले, फुकट द्या’ असे प्रभूने सांगितले असताना फी घेणे योग्य आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुधा थोड्या रागाने येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील १० व्या अध्यायातले हे वचन खरेच आहे, पण ते ज्या शिष्यांना सांगितले त्यांनाच त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की कामकरी आपल्या अन्नास योग्य आहे. म्हणजे सुवार्तेचा व्यापार करायचा नाही, आणि तरीही काम करणाऱ्याने उपाशी राहावे अशीही अपेक्षा नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात आपला उपजीविकेचा हक्क ठामपणे मांडला आणि मग तो आपण होऊन सोडून दिला. हक्क सोडणे हा त्याचा स्वतःचा निर्णय होता. इतरांनी तो त्याच्यावर लादलेला नव्हता.

पौलाच्या या निर्णयाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू तयार करून पोट भरत होता, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात आहे. पुढे मासेदोनियाहून आलेल्या बांधवांनी त्याची गरज भागवली, हे तो स्वतःच दुसऱ्या पत्राच्या ११ व्या अध्यायात करिंथकरांना कळवतो. करिंथकरांना जे फुकट मिळाले त्याचा खर्च काही प्रमाणात पौलाच्या हातांनी आणि काही प्रमाणात दुसऱ्या गावच्या, स्वतः गरीब असलेल्या मंडळ्यांनी उचलला होता. तेव्हा वडिलांसाठी कोचिंग परवडणारे करायचे असेल, तर ‘फी घ्यावी की घेऊ नये’ यापेक्षा ‘हा खर्च कोणी कोणी मिळून उचलायचा’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. या पानावरील बाकीची बहुतेक उत्तरे त्याच प्रश्नाची आहेत.

एका तासाची फी इतकी का असते?

तासाभराच्या भेटीमागे आधीची टिपणे वाचणे, भेटीनंतर नोंद करणे, वेळा ठरवणे, मधल्या काळातल्या निरोपांना उत्तर देणे आणि स्वतःचे प्रशिक्षण चालू ठेवणे ही कामे असतात. रद्द झालेल्या भेटींचा वेळही वायाच जातो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कोचला आजारपणाची रजा नसते आणि निवृत्तिवेतनही नसते. हे सर्व त्या एका तासातून निघावे लागते. यातले काही कमी करता येण्यासारखे आहे: वेळापत्रक, नोंदणी आणि निरोप ही कामे मंडळीतील एखाद्या स्वयंसेवकाने अंगावर घेतली तर कोच प्रामाणिकपणे फी खाली आणू शकतो. अशी अदलाबदल सुचवायला संकोच करू नये.

मला पूर्ण फी परवडत नाही. मी सुरुवात कुठून करावी?

सर्वप्रथम, नेमके काय हवे आहे ते एका कागदावर चार ओळींत लिहा. ‘चांगला बाप व्हायचे आहे’ एवढ्यावर काम करणाऱ्या कोचच्या पहिल्या दोन भेटी विषय शोधण्यातच जातात आणि त्या भेटींचे पैसे तुम्हीच देता. ‘माझा तेरा वर्षांचा मुलगा माझ्याशी बोलत नाही आणि मी विचारपूस करायला गेलो की तिची उलटतपासणी होते’ असे लिहून आणणारे वडील पहिल्याच तासात कामाला लागतात. कागदावर पत्नीलाही एक ओळ लिहू द्या. तिची ओळ बहुधा अधिक अचूक असते.

त्यानंतर कोचला स्पष्टपणे विचारा की फीमध्ये सवलत आहे का, गट आहे का, आणि भेटी दर आठवड्याऐवजी दर तीन आठवड्यांनी ठेवता येतील का. वडिलांच्या कामात भेटींमध्ये अंतर असणे अनेकदा हिताचेच ठरते, कारण घरातली सवय बदलायला आठवडा कमी पडतो. कोचिंगचे खरे काम भेटीबाहेर होते. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याचे प्रसंग सांगितले आहेत ते घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना असे आहेत. या चारही प्रसंगांना कोणी फी आकारत नाही. कोचची भेट फक्त ते प्रसंग हातचे जाऊ नयेत यासाठी असते.

शिकाऊ कोच घेतला तर चालेल का?

होय, आणि या पर्यायाकडे विनाकारण दुर्लक्ष होते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या स्तराच्या प्रमाणपत्रासाठी उमेदवाराला किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि त्या १०० पैकी ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. त्याच्या वरच्या स्तराला अनुभवाचे ५०० तास आणि सर्वोच्च स्तराला २,५०० तास लागतात. पहिल्या स्तराच्या वाटेवर असलेल्या कोचला तास हवे असतात, तेही मोबदल्याचे, आणि मोबदला किती असावा याची खालची मर्यादा नसते. त्यामुळे तो अल्प फी आनंदाने घेतो. त्यात उपकाराची भावना नसते, कारण गरज दोघांची असते.

शिकाऊ कोचने आपण शिकत आहोत हे आधी सांगितले पाहिजे, त्याच्या कामावर अनुभवी माणसाची नजर असली पाहिजे आणि त्याला स्वतःच्या मर्यादा माहीत असल्या पाहिजेत. या तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. त्याला स्वतःला मुले आहेत की नाहीत हा प्रश्न अनेक जण विचारतात. मुले असतील तर चांगलेच. मात्र मुले असलेला कोच कधी कधी स्वतःच्या घराच्या गोष्टी सांगण्यात तुमचा तास खर्च करतो.

एकट्याऐवजी गटात बसल्यास किती फरक पडतो?

पुष्कळ पडतो, आणि हिशेब सोपा आहे. सहा वडिलांना प्रत्येकी सहा तास एकेकटे भेटायचे तर कोचचे ३६ तास लागतात. त्याच सहा जणांचा गट केला, दीड तासाच्या आठ बैठका घेतल्या आणि प्रत्येकासाठी एक तास स्वतंत्र भेटीचा ठेवला, तर १२ आणि ६ मिळून १८ तास लागतात. कोचचा तासाचा दर एका पैशानेही कमी न करता प्रत्येक वडिलांचा खर्च निम्मा होतो. नव्वद मिनिटांतून सुरुवातीची दहा आणि शेवटच्या प्रार्थनेची आठ मिनिटे वजा केली, तर प्रत्येकाला बारा मिनिटे मिळतात. बारा मिनिटे कमी वाटतात, पण आपल्या पाळीव्यतिरिक्त उरलेला तासभर माणूस दुसऱ्याच्या घरातली तीच अडचण ऐकत असतो, आणि आपल्या चुकीचा रंग दुसऱ्याच्या भिंतीवर लवकर दिसतो. सहापेक्षा जास्त वडील घेतले की खर्च आणखी खाली येतो, पण बोलण्याच्या पाळीला जेमतेम दहा मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ उरतो आणि गटाचे रूपांतर व्याख्यानात होते. आमच्या मते सहाच्या पुढे जाऊ नये.

या रचनेला ख्रिस्ती इतिहासात एक जुने उदाहरण आहे आणि त्याची सुरुवात पैशाच्या अडचणीतूनच झाली. १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट मंडळीवर इमारतीचे कर्ज होते. प्रत्येक सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यावी असा प्रस्ताव आला, तेव्हा पुष्कळ जण गरीब आहेत आणि त्यांना तेही जमणार नाही, अशी हरकत निघाली. त्यावर कॅप्टन फॉय नावाच्या सदस्याने सुचवले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ते देतील तेवढे घेईन, आणि देऊ शकले नाहीत तर त्यांच्या वाट्याचे मी भरीन. इतरांनीही असेच गट घेतले. पेनी गोळा करायला घरोघरी जाणाऱ्या या पुढाऱ्यांना एखादा सदस्य बायकोशी भांडताना, तर एखादा दारू प्यालेला आढळू लागला, आणि वेस्ली यांच्या लक्षात आले की आपण जे शोधत होतो तेच हे आहे. पुढे एकेका घरी जायला वेळ पुरेना, म्हणून बारा जणांच्या त्या तुकडीने आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे ठरले. वर्गणीसाठी निघालेली योजना अशी एकमेकांच्या चालचलणुकीची काळजी घेणारी संगती झाली. ज्याला वर्गणी परवडत नव्हती तो त्या संगतीबाहेर राहिला नाही, आणि वर्गणीचा हिशेबही बुडाला नाही.

गटात बोललेले बाहेर गेले तर?

ही भीती खरी आहे, विशेषतः सर्व जण एकाच मंडळीतले असतील तेव्हा. पहिल्याच बैठकीत गोपनीयतेचा नियम लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. त्यात ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनही कोणाच्या घरची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे स्पष्ट लिहावे, कारण चांगल्या माणसांकडून गुपिते बहुधा याच वाटेने फुटतात. शक्य असल्यास दोन-तीन मंडळ्यांनी मिळून एक गट करावा.

ऐपतीनुसार फी ठेवायची असेल तर ती कशी ठरवावी?

कोचने आधी स्वतःला किती हवे ते ठरवावे. सवलतीपासून सुरुवात करणाऱ्या कोचचा हिशेब बहुधा वर्षभरात कोलमडतो, आणि मग ज्या वडिलांना सवलत दिली त्यांचीच कोचिंगची सोय बंद होते. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा लूकच्या १४ व्या अध्यायातील दृष्टांत शिष्यत्वाविषयी आहे हे मान्य, पण त्यातला हिशेब येथेही लागू पडतो.

समजा, एका वडिलांमागे कोचला १०० भाग मिळायला हवेत आणि असे दहा वडील आहेत. म्हणजे एकूण १,००० भाग. फीचे तीन टप्पे ठेवले: १३०, १०० आणि ५०. चार जणांनी वरचा, तीन जणांनी मधला आणि तीन जणांनी खालचा टप्पा निवडला, तर ५२०, ३०० आणि १५० मिळून ९७० भाग जमतात. तूट फक्त ३० भागांची राहते आणि ती मंडळीच्या छोट्याशा निधीतून सहज भरता येते. वरचा टप्पा कोणीच निवडला नाही, म्हणजे सात जणांनी १०० आणि तिघांनी ५० भाग दिले, तर तूट १५० होते. त्यामुळे ‘आपण १३० भाग दिलेत तर दुसऱ्या एका वडिलांच्या सवलतीचा काही भार आपण उचलता’ हे नोंदणीच्या कागदावर उघडपणे लिहावे. १०० भाग सहज देऊ शकणाऱ्या अनेकांना १३० मागितलेलेच नसतात.

सवलत मागणाऱ्याकडून उत्पन्नाचा पुरावा घ्यावा का?

आमचे मत: घेऊ नये. तीन टप्पे समोर ठेवावेत, प्रत्येक टप्पा साधारण कोणासाठी आहे हे एका वाक्यात सांगावे आणि निवड वडिलांवर सोडावी. आपल्या घरात आपण कमी पडतो ही भावना घेऊनच हा माणूस दारात आलेला असतो. त्याच्याकडे पगाराचा कागद मागणे म्हणजे आणखी एका ठिकाणी तो कमी पडतो हे त्याला लिहून देणे होय. कोणी गैरफायदा घेईल हे खरे आहे. काही जण घेतीलही. पुरावे तपासणारी यंत्रणा चालवण्याचा खर्च आणि खऱ्या गरजूंनी लाजेपोटी पाठ फिरवणे, हे दोन्ही त्या गैरफायद्यापेक्षा महाग पडते.

कोणी कोणता टप्पा निवडला हे कोचलाही कळण्याची गरज नाही. पैसे मंडळीच्या खजिनदाराकडे जमा होऊन कोचला एकत्रित रक्कम मिळाली, तर याकोबाच्या पत्रातील २ ऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा देण्याविषयी जो इशारा आहे, त्या मोहातून कोचही वाचतो.

मंडळीने यासाठी निधी कसा उभारावा?

मोठ्या देणगीची वाट पाहण्यापेक्षा छोटा आणि नियमित निधी अधिक टिकतो. दहा वडिलांमागे तूट किती हे वरीलप्रमाणे काढले, की वर्षात किती वडील घ्यायचे आहेत त्यावरून आकडा मिळतो, आणि तो आकडा मंडळीपुढे जसाच्या तसा मांडावा. ‘वडिलांच्या सेवेसाठी द्या’ या आवाहनापेक्षा ‘वर्षाला वीस वडील, तूट साठ भाग’ या वाक्याला लोक लवकर प्रतिसाद देतात. ज्या वडिलांना पूर्वी सवलत मिळाली त्यांनी परिस्थिती सुधारल्यावर निधीत काही घालावे, असे सुचवायला हरकत नाही. मात्र त्याची वसुली करू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल ज्या समानतेविषयी लिहितो, तीत आज एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढते आणि उद्या उलटही होऊ शकते.

फी आणि देणग्या यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. निधीच्या हिशेबात वडिलांची नावे नसावीत, फक्त संख्या असावी.

मग सगळ्यांसाठी पूर्ण विनामूल्यच का करू नये?

ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी पूर्ण विनामूल्य असावेच. सरसकट मात्र नको. थोडेतरी मोजावे लागले की माणूस भेट सहजासहजी चुकवत नाही. दुसरे कारण कोचच्या बाजूचे आहे: केवळ सद्भावनेवर चालणारा कोच थकला की भेटी पुढे ढकलल्या जाऊ लागतात, आणि फुकट घेत असलेले वडील तक्रारही करू शकत नाहीत. फी दिलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क गरीब वडिलांनाही हवा.

फीऐवजी काम किंवा वस्तू देता येतील का?

देता येतील, पण जपून. कोचच्या घरी काम करणारा माणूस त्याच कोचसमोर मन मोकळे करायला बसला, की नाते दुहेरी होते. कामात खोट निघाली तर कोच बोलणार नाही आणि कोचिंग पटले नाही तर वडील बोलणार नाहीत. काम मंडळीसाठी करावे आणि मंडळीने कोचला पैसे द्यावेत, हा मार्ग अधिक निर्मळ आहे.

कोचची फी दशमांशातून द्यावी का?

स्वतःला मिळणाऱ्या सेवेचे मोल हे अर्पण नव्हे, असे आम्हाला वाटते. दुसऱ्या वडिलांसाठी निधीत टाकलेली रक्कम अर्पण म्हणता येईल. शंका राहत असेल तर आपल्या पाळकांशी बोलावे.

उसने घेऊन किंवा हप्त्यांवर कोचिंग घ्यावे का?

उसने घेऊन घेऊ नये. पैशाची ओढाताण हे मुलांवर खेकसण्याचे एक मोठे कारण असते, आणि खेकसणे कमी व्हावे म्हणून तीच ओढाताण वाढवण्यात शहाणपण नाही. भेटीगणिक फी देता येत असेल तर ती पद्धत सर्वांत चांगली. संपूर्ण कार्यक्रमाचे पैसे आगाऊ मागणाऱ्या आणि ‘आजच ठरवा’ म्हणणाऱ्या कोचपासून दूर राहावे, मग तो बायबलमधली कितीही वचने सांगत असो.

पैशाशिवाय आणखी कोणता खर्च येतो?

वेळेचा, आणि तो बहुतेक वेळा मुलांच्या खिशातून जातो. संध्याकाळचा एक तास भेटीला आणि एक तास जाण्या-येण्याला गेला, तर आठ भेटींमध्ये सोळा संध्याकाळचे तास मुलांपासून काढून घेतले जातात, आणि तेवढा वेळ घर एकट्या पत्नीवर पडते. मुले झोपल्यानंतर, पहाटे किंवा जेवणाच्या सुट्टीत फोनवरून घेतलेल्या भेटी यासाठी अधिक चांगल्या. फोनवरील किंवा व्हिडिओवरील भेटीत प्रवासाचा आणि जागेचा खर्च वाचतो, म्हणून अशा भेटींची फी कमी असावी अशी विचारणा करण्यात गैर नाही. अडचण एकच असते: लहान घरात बंद दार मिळत नाही. काही वडील बाहेर फिरत फिरत बोलतात आणि ते ठीक चालते.

कमी फी घेणारा कोच चांगला आहे हे कसे ओळखावे?

बहुतेक देशांत कोणीही स्वतःला कोच म्हणवून घेऊ शकतो. डॉक्टर किंवा वकील यांच्याप्रमाणे परवाना लागत नाही. त्यामुळे स्वस्त असो वा महाग, पारख तुम्हालाच करावी लागते. प्रशिक्षण कुठे घेतले, कोणत्या मंडळीला तो स्वतः जबाबदार आहे आणि पहिली ओळखीची भेट विनामूल्य आहे का, हे विचारा. त्या भेटीत कोण जास्त बोलले ते मोजा. कोच अर्ध्याहून अधिक वेळ बोलला असेल तर तो उपदेशक म्हणून कदाचित उत्तम असेल, पण कोच म्हणून तुमच्या पैशाचा नाही.

‘सहा आठवड्यांत मुलगा आज्ञाधारक होईल’ असे वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कोचिंग वडिलांचे असते, मुलाचे नव्हे. तसेच ‘तुम्ही असेच करावे असे देवाने मला सांगितले आहे’ असे म्हणणारा कोच तुमचा निर्णय तुमच्या हातातून काढून घेत असतो, आणि या कामात नेमके तेच व्हायला नको असते. दावीद राजाने आपल्या अदोनीया या मुलाला ‘तू असे का केलेस’ असे कधीही विचारून दुखवले नव्हते, असे १ राजे, अध्याय १ मध्ये नोंदले आहे. असा प्रश्न न विचारणारा बाप आणि तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारणारा बाप, या दोघांना एकच तयार नुस्खा देणारा कोच फुकट मिळाला तरी महाग आहे.

कोणत्या परिस्थितीत कोचिंगवर पैसे खर्च करूच नयेत?

घरात मारहाण होत असेल, व्यसन हाताबाहेर गेले असेल, मन सतत खचलेले असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर कोच हा योग्य माणूस नाही. तेथे वैद्यकीय उपचार, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडल्यास कायद्याचे संरक्षण हवे. मुलाच्या सुरक्षिततेला धोका असल्याचे कळले तर गोपनीयता लागू राहणार नाही, हे चांगला कोच पहिल्याच भेटीत सांगतो आणि लेखी कराराच्या कागदावरही लिहितो. अशा वेळी मंडळीचा निधी कोचिंगऐवजी उपचाराच्या खर्चाला वापरता यावा, अशी तरतूद निधीच्या नियमांत आधीच करून ठेवावी.

मी मुलांपासून वेगळा राहतो. माझ्यासाठी याचा उपयोग आहे का?

आहे, आणि सवलतीच्या रांगेत तुम्ही मागे राहण्याचे कारण नाही. दोन घरांचा खर्च, मुलांचा निर्वाहखर्च आणि प्रवास यांमुळे वेगळे राहणाऱ्या वडिलांचा हात बहुधा आखडलेला असतो, आणि विवाह मोडल्याच्या लाजेमुळे ते मंडळीत मदत मागायला येत नाहीत. नोंदणीच्या कागदावर ‘पत्नीचे नाव’ हा रकाना सक्तीचा ठेवू नये. एवढ्या एका रकान्यावरून कागद परत ठेवून गेलेले वडील आम्ही पाहिले आहेत. विधुर, सावत्र वडील, दत्तक वडील आणि नातवंडांना वाढवणारे आजोबा यांनाही हेच लागू आहे.

कोचिंग चालू असताना मध्येच पैसे संपले तर काय करावे?

भेट चुकवून गप्प राहू नका; कोचला एका ओळीचा निरोप पाठवा. करारात याची तरतूद सुरुवातीलाच असावी: न झालेल्या भेटींची आगाऊ दिलेली फी परत मिळेल, चालू भेटीचा टप्पा खाली आणता येईल, आणि थांबायचे असल्यास शेवटची एक भेट निधीतून होईल. ती शेवटची भेट टाळू नये. तीत पुढच्या तीन महिन्यांसाठी एकच सवय ठरवावी आणि गटातील किंवा मंडळीतील एका वडिलांचे नाव नक्की करावे, जो दर पंधरवड्याला पंधरा मिनिटे फोन करून त्या एकाच सवयीविषयी विचारील. त्या फोनला फी नसते. तीन महिन्यांनी निधीत जागा असेल तर पुन्हा नोंदणी करता येते, आणि मागची टिपणे कोचकडे असल्यामुळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.